पदर कोणत्या खांद्यावर

रायपूरच्या तात्यापाऱ्यात सगळ्यात जास्त गोंगाट कोणाच्या घरातून येतो असं विचाराल, तर कोपऱ्यावरचा पानवाला कात लागलेलं बोट तसंच उचलून दाखवेल: ते हिरव्या दाराचं घर. त्या घरात आमच्या घरमालकीणबाई एकट्या राहायच्या, आणि त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

बहिऱ्या माणसाचं घर शांत असतं असं ज्याला वाटतं, त्यानं तिथं एक रविवार काढून पाहावा. बाई कढई ठेवत नसत, सोडत. दार लावत नसत, फेकत. हसल्या की समोरच्या देवळातली कबुतरं उठून पार पलीकडच्या मोहल्ल्यात, ब्राह्मणपाऱ्यात जाऊन बसत. शेजारच्या वकीलसाहेबांनी एकदा चिठ्ठी लिहून कळवलं की आपल्या घरातून फार आवाज येतो. बाईंनी चिठ्ठी नीट वाचली, उलटवली, आणि मागे लिहून पाठवलं: 'मला तर काही त्रास नाही.'

मी राजनांदगावहून आलेला. शंकर नगरात व्हिडिओ बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिथं कापाकापीच्या कामाला लागलो आणि बाईंची वरची खोली घेतली. खोली छान होती, हवेशीर होती. फक्त तिच्या दिव्याचं बटण खाली बाईंच्या स्वयंपाकघरात होतं. हाक मारायची त्यांची हीच रीत. बल्ब एकदा लुकलुकला तर चहा झाला. दोनदा लुकलुकला तर नळ आला, बादली आण. आणि थयथयाट करू लागला तर चप्पल शोधत बसू नकोस, जसा असशील तसा खाली ये. मी एकदा अंगाला साबण लावलेला असताना, जसा होतो तसा खाली गेलोय. बाईंनी डोळ्यांवर हात घेतला आणि दुसऱ्या हातानं मला हरभऱ्याची भाजी निवडायला बसवलं.

हातांची भाषा मला कोणी शिकवली नाही. मी बोलणी खात गेलो आणि ती येत गेली. चार महिन्यांत माझी तयारी अशी झाली की बाई पाठमोऱ्या असल्या तरी कोपरं पाहून मला कळायचं, आज पाण्याची टाकी कोणी वाहू दिली यावर प्रवचन आहे. इथं त्यांचं बोलणं मी आमच्या नागपुरी वळणात लिहून राहिलो आहे. हातांना बोली नसते असं कोणी म्हणेल. त्यानं बाईंना भाजीवाल्याशी भांडताना पाहिलेलं नाही.

बाई नागपूरच्या बहिऱ्यांच्या शाळेत शिकल्या. त्या काळात तिथं वर्गात हात हलवला की बोटांवर पट्टी बसायची, तोंडानं बोल म्हणायचे. म्हणूनच की काय, पुढे बोलताना त्या तीन माणसांची जागा घ्यायच्या. नोकरी त्यांनी रेल्वेच्या नकाशांच्या ऑफिसात केली. पारदर्शक कागद ठेवून मूळ नकाशावरून रेघन् रेघ उतरवायची. तिथलं एक वाक्य त्या कायम सांगायच्या: "कागद उलटा पडला ना, तर रेघ एकही चुकत नाही, अन् गाडी गोदामाऐवजी दवाखान्यात जाते." मी मान डोलवायचो. मला वाटायचं, रेल्वेची गोष्ट आहे.

रविवारी त्यांच्या अंगणात बहिऱ्यांची बैठक भरायची. पंधरा-वीस माणसं, रायपूरची, दुर्गची, भाटापाऱ्याची. अठ्ठावीस तासांच्या गप्पा चार तासांत मारायची. उठायची वेळ झाली की खोलीत निरोप, मग ओट्यावर निरोप, मग दारात, मग रस्त्याच्या मधोमध. जेवायला आलेली माणसं निरोप घेता घेता चहाला सापडायची आणि पुन्हा आत यायची. या बैठकीतच माणसांना नावं पडायची. नाव म्हणजे हाताची एक खूण, आणि ती बहिऱ्या माणसानंच द्यायची. आपली आपल्याला ठेवून घेता येत नाही. त्यात भीडभाड नाही. वकीलसाहेबांचं नाव होतं जोडलेल्या भुवया. माझ्या ऑफिसच्या मालकांचं, ज्यांना सगळे भैया म्हणत, नाव होतं हवेतलं गोल पोट. माझं नाव ठेवलं ओठांतून रबर ओढल्यासारखी चिमूट. कारण मी उंदराची गोष्ट सुरू केली की शेवटी त्यातून वाघ निघतो, असा बाईंचा आरोप होता. आरोप खोटा आहे. वाघ एकदाच निघाला होता आणि तो लहान होता.

मी काय काम करतो ते दाखवायला एकदा छाती फुगवून बाईंना माझा एक व्हिडिओ दाखवला. कोणत्याशा सरकारी अर्जाची माहिती, चांगला टाय लावलेला माणूस. बाईंनी तीन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "हा तोंड काहून हलवून राहिला? घशात घास अडकला का याच्या?"

मी खाली अक्षरं टाकली. यंत्रानं आपोआप टाकलेली. बाईंनी सांगितलं, ही अक्षरं गाडी सुटल्यावर फलाटावर धावत येणाऱ्या पाहुण्यासारखी आहेत. मी ती हातानं वेळेवर बसवली. एका जागी लिहिलं होतं, 'संगीत वाजत आहे'. बाईंनी व्हिडिओ थांबवला. कोणतं संगीत? लग्नाचं की मयताचं? मी पुन्हा ऑफिसात गेलो, ऐकलं, आणि लिहिलं, 'सनई, पण वाजवणारा कंटाळलेला आहे'. त्यावर बाई इतक्या खूश झाल्या की दोन्ही हात वर करून पंजे गरागरा हलवले. त्यांच्यात टाळ्या अशा वाजवतात. मग कोपऱ्यात हातांची भाषा बोलणाऱ्या माणसाची चौकट टाकली. बाई म्हणाल्या, "हे तिकीट कोणत्या पाकिटावर चिकटवायचं?" चौकट मोठी केली.

असं करत करत आमच्या कंपनीत एक न लिहिलेला नियम पडला: बाईंनी पाहिल्याशिवाय व्हिडिओ बाहेर जायचा नाही. रविवारच्या बैठकीला मी तो भिंतीवरच्या टीव्हीवर लावायचो आणि मागे उभा राहून घाम पुसायचो. कोणी चुकीच्या जागी हसलं की नापास. कोणी शेजाऱ्याला काही विचारलं की नापास. भैया वैतागून म्हणायचे, "यार, तेरी मकान मालकिन से बोल, मेरी शादी का वीडियो भी एक बार पास कर दे, बीस साल से अटका है." पण बहिऱ्यांच्या गटागटांतून आमचे व्हिडिओ पार बस्तरपर्यंत फिरू लागले, तसे भैयाही गप्प झाले.

एक गोष्ट मात्र बाईंनी बैठकीत सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवली होती. अक्षरांवर विसंबू नका, अक्षरं यंत्र लिहितं. हात पाहा. अक्षरं अन् हात वेगळं सांगत असतील तर हात खरे. हे लक्षात ठेवा, पुढे याच वाक्यानं आमचा गळा धरला.

एका मोठ्या गोदामवाल्या कंपनीनं मालबांधणीच्या कामावर बहिरी माणसं घ्यायचं ठरवलं. भरती रविवारी, शंकर नगरातल्या त्यांच्या ऑफिसात. अर्ज स्वतः येऊन खिडकीवर सही करून द्यायचा, एकच्या आत. त्याच्या माहितीचा व्हिडिओ आमच्याकडे आला. बाईंनी तोवर कॅमेऱ्यासमोर उभं राहायला सतरा वेळा नकार दिला होता. या वेळी स्वतःच म्हणाल्या, मी सांगते. त्यांच्या बैठकीतले सतरा जण जाणार होते. त्यात भाटापाऱ्याचा एक शिंपी होता, सख्ख्या भावाच्या दुकानात मागच्या खोलीत बसून वर्षानुवर्षं काजं करणारा. त्याला तिथून निघायला तयार करण्यात बाईंचे तीन महिने गेले होते. तो एकच म्हणायचा, "तुम्ही सांगून राहिल्या म्हणून जातो."

बाई निळी साडी नेसून आल्या, बिनकाठाची, हात उठून दिसावेत म्हणून. एका दमात सगळं सांगितलं. बस थांब्यावर उतरा, सरळ चौकात या, चौकातून डावीकडे वळा. असं सांगितलं की दगडही उठून भरतीला गेला असता.

आता माझं पाप ऐका. कंपनीला त्यांचं बोधचिन्ह उजव्या कोपऱ्यात हवं होतं, म्हणून बाईंना डावीकडे सरकवलं. पण बाई जरा डावीकडे तोंड करून उभ्या होत्या. आता त्या चित्राबाहेर बघत होत्या, जणू फ्रेमशी भांडण झालंय. भैया म्हणाले, "दीदी बाहर देख रही हैं, पलटा दे." एक बटण असतं. दाबलं की आरशातल्यासारखं चित्र उलटं होतं. मी दाबलं. बाई आज्ञाधारकपणे बोधचिन्हाकडे बघू लागल्या. सगळे म्हणाले, वा. बाईंचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेला होता. पण आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या आया सीधा पल्ला घेणाऱ्या, उजव्या खांद्यावरून पुढे. कोणाची पापणी हलली नाही. मी एकटा मराठी आईचा, आणि मीही पाहिलं नाही. शनिवारची दुपार झाली होती, कंपनीचे फोनवर फोन येत होते. मी मनाशी म्हटलं, बाईंचेच हात आहेत, बाईंना काय दाखवायचे? आणि पाठवून दिलं.

चार वाजता घरी येऊन आडवा झालो, तोच बल्ब नाचायला लागला. असा नाचला की बिचारा तिथंच गेला. खाली पोचलो तर बाई मोबाईल हात लांब करून धरून उभ्या. दुसऱ्या हातानं आपल्या डाव्या खांद्यावरचा पदर चिमटीत धरलेला. मोबाईलकडे बोट, पदराकडे बोट.

"माझा पदर तिकडं कोणी नेला?"

मी हसलो. खोटं कशाला बोलू, हसलो. तेव्हा त्यांनी व्हिडिओ पुढे नेला आणि चौकाच्या जागी थांबवला. पडद्यावरच्या बाई ठणठणीत हातानं सांगत होत्या: उजवीकडे वळा. खाली अक्षरं सांगत होती: डावीकडे वळा. सतरा माणसं कोणाचं ऐकणार होती हे मला आणि बाईंना पक्कं ठाऊक होतं.

मी माफी मागायला हात उचलले. आणि बाईंनी डोळे मिटून घेतले.

तुमच्या-माझ्यासारख्याला कोणी कानफटात मारली तरी मारणारा मारता मारता आपलं ऐकत असतो. बहिऱ्या माणसानं तुमच्यासमोर डोळे मिटले की संपलं. तुम्ही आहात, तुमचे हात हलतायत, आणि तुम्ही मुके. माझे हात अर्ध्या वाक्यात हवेत राहिले. दहा मोजेपर्यंत असेल, मला ते एका चातुर्मासाएवढं वाटलं. मग डोळे उघडून त्यांनी कागद घेतला आणि सतरा नावं लिहायला बसल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी ऑफिसात पळत जाऊन व्हिडिओ सरळ केला, पुन्हा सगळीकडे पाठवला. काही उपयोग नाही. दिसायला हुबेहूब तोच; तोच परत आला समजून कोणी उघडलाच नाही. बाईंनी ज्याला त्याला लिहून कळवलं. सात जणांनी वाचलं. उरलेल्यांमध्ये काही प्रवासात, काहींना वाचता यथातथा, आणि शिंप्याचा फोन तोवर भावाच्या गल्ल्यात गेलेला.

रविवारी सकाळी आठला बाई तीच निळी साडी नेसून चौकात. वाहतूक पोलिसाचा ओटा असतो ना मधोमध, त्याच्यावर चढल्या आणि थांब्याकडून येणाऱ्यांना दोन्ही हातांनी डावीकडची वाट दाखवू लागल्या. पोलिसानं पाच मिनिटं पाहिलं. आख्ख्या रायपुरात हातांनी बोलून पोट भरणारा तेवढा एकच ऐकू येणारा माणूस, त्याला बाईंचं कसब लगेच कळलं. म्हणाला, "दीदी, आप सम्हालो, मैं चाय पीके आता हूँ." त्या सकाळी चौकात एकही गाडी चुकली नाही. एक उंट चालला होता, तोही डावीकडे वळला, असं मी सांगतो तेव्हा बाई रबर ओढून दाखवतात.

एकेक जण येऊ लागला. मी यादीवर खुणा करत होतो. बारा वाजेपर्यंत सोळा. कंपनीत हातांची भाषा समजणारं कोणी नव्हतं, म्हणून बाई सोळा जणांना घेऊन खिडकीवर गेल्या, एकेकाचं सांगणं कारकुनाला लिहून देऊ लागल्या. साडेबाराला बाहेर चौकात येऊन त्यांनी मला विचारलं, शिंपी? मी मान हलवली. तो पहिल्याच गाडीनं आला असणार, आम्ही चौकात पोचायच्या आधी. बाईंनी उजव्या रस्त्याकडे बोट केलं.

"मी खिडकी धरून ठेवते. तू त्याले आण."

उजवीकडच्या रस्त्यावर होतं एक लग्नाचं भवन. आणि भवनासमोर वरात, आणि वरातीसमोर धुमाल. ज्यांना धुमाल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: एका गाडीवर ढोल, ताशे, पियानो आणि भिंतीएवढे भोंगे चढवतात, आणि ती वाजू लागली की आजूबाजूच्या तीन पाऱ्यांतल्या म्हशी दूध चोरतात. नवऱ्याचा मामा माझ्या कानाला तोंड लावून काही ओरडला, मला फक्त त्याचा तंबाखू कळला. पाचशे माणसं असतील. बरं, अडीचशे. त्यांच्या पलीकडे, भोंग्याला अगदी तळहात टेकून, धक्का छातीत घेत, कपाळावर वरपक्षाचा टिळा आणि हातात जिलेबीचा द्रोण घेऊन, बाईंनी सांगितली ती जागा हीच या भरवशावर आमचा शिंपी नाचत होता.

तिथवर पोचणं शक्य नव्हतं. हाक मारण्यात काय अर्थ होता, तिथं ज्यांना ऐकू येत होतं त्यांनाही ऐकू येत नव्हतं. मी एका खुर्चीवर चढलो आणि दोन्ही हात हलवले. त्यानं पाहिलं. आणि मग त्या अडीचशे माणसांच्या डोक्यांवरून आम्ही दोघं आरामात बोललो. त्या अख्ख्या गर्दीत बोलता येणारी माणसं आम्ही दोनच होतो.

मी म्हटलं, जागा ही नाही. चौकातून डावीकडे. एकला खिडकी बंद.

त्याचा हात भोंग्यावरून खाली आला. चेहरा उतरला. त्यानं एकच विचारलं, "बाई चुकल्या?"

तिथं माझ्या लक्षात आलं की हा माणूस जागा चुकल्यानं घाबरलेला नाही.

"बाई नाही चुकल्या. बाईंनी डावीकडे सांगितलं होतं. मी चित्र उलटवलं. चूक माझी."

असं सरळ, न ओढता, न ताणता मी आयुष्यात पहिल्यांदा काही बोललो असेन. शिंप्यानं मामाच्या हातात द्रोण दिला, आणि गर्दीतून असा निघाला जसा कापडातून धावदोरा निघतो. आम्ही पळत सुटलो. पळता पळता तो एका हातानं सांगत होता, जिलेबी गरम होती, तू भरून देशील.

खिडकीवर पोचलो तेव्हा कारकून कुलूप घेऊन उभा होता आणि खिडकी बंद होत नव्हती. बाईंनी कोपरापर्यंत उजवा हात आत घालून ठेवला होता. समोर कागद, त्यावर लिहिलेलं: 'बंद करायची तर हातासकट करा.' त्याच बोटांवर लहानपणी पट्टी बसली होती, आणि त्याच बोटांच्या भरवशावर सतरा माणसं घर सोडून आली होती. कारकून दोन मिनिटं कुलपाकडे आणि हाताकडे आळीपाळीनं बघत होता. शिंप्यानं बाईंच्या हाताशेजारून आपला हात आत घातला आणि सही केली. मागे सोळा जणांचे बत्तीस पंजे हवेत गरागरा फिरले. कारकुनाला वाटलं, मोर्चा आहे. त्यानं घाबरून पोचपावती दिली.

बाईंनी हात बाहेर काढला, लाल झालेला भाग चोळला, आणि तेव्हा कुठं माझ्याकडे पाहिलं.

"काल काय सांगून राहिला होता? आता सांग."

मी सगळं पुन्हा सांगितलं. बटण, बोधचिन्ह, न दाखवता पाठवलं ते, हसलो ते सुद्धा. शेवटच्या शब्दापर्यंत त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही. मग ओठांजवळ चिमूट नेली, माझं रबराचं नाव घ्यायला, आणि मधेच सोडून दिली. तळहात आडवा धरला आणि पटकन पालथा केला. उलटा. सतराही जणांनी आपापला तळहात पालथा करून पाहिला. माझं नवं नाव ठरलं.

शिंपी लागला नोकरीला. अजून भेटला की जिलेबी मागतो. आमच्या ऑफिसात त्या दिवसापासून व्हिडिओ बाहेर जायच्या आधी एकच प्रश्न विचारतात. विचारणारे बिलासपूरचे, भिलाईचे, मराठीचा गंध नसलेले पोट्टे, आणि समोर पडद्यावर मिशीवाला माणूस असला तरी विचारतात: "पदर देखा?"

आता मी नागपुरात असतो. परवा एका कार्यक्रमात एक अनोळखी बहिरे गृहस्थ भेटले, पांढरे केस, हात थोडे थरथरणारे. मी बोटांनी एकेक अक्षर करून माझं नाव सांगू लागलो. त्यांनी मधेच थांबवलं. तळहात आडवा धरला, पालथा केला, आणि भुवया उंचावून विचारलं, "रायपूरचा?"

मी हो म्हटलं. त्यांनी अगदी गंभीर चेहऱ्यानं दोन बोटांनी माझ्या सदऱ्याचा डावा खांदा चाचपून पाहिला, आणि समाधानानं मान डोलवली.